मनमाड : जंक्शनचे गाव, पंधरवड्याचा नळ

मनमाडच्या एका साध्या घराचा हिशेब मांडून पाहू. घरात पाच माणसे, नळाला पाणी पंधरा दिवसांनी. माणशी रोज चाळीस लिटर, म्हणजे अगदी हात आखडून वापरले, तरी पंधरवड्याला 3000 लिटर लागतात. दोनशे लिटरची पंधरा टिपाडे झाली ही. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा टिपाडे ठेवली तर माणसांनी झोपायचे कुठे? उन्हाळा वाढला की पंधराचे वीस दिवस होतात आणि मग टँकर व जारवर पैसे मोजावे लागतात. नाशिक जिल्ह्यातल्या या गावाची गोष्ट निघाली की एक उत्तर तयार असते: मनमाड दुष्काळी पट्ट्यात आहे, तिथे पाणी येणार कुठून? हे उत्तर मला पटत नाही. मनमाडची टंचाई पावसाने आणली त्यापेक्षा जास्त ती गाव वसवण्याच्या रीतीने आणली. हे गाव दुसऱ्यांच्या सोयीसाठी वाढवले गेले आणि त्याच्या पाण्याचा निर्णय कायम गावाबाहेर होत आला.

अनकाई-टनकाईच्या डोंगरांजवळच्या या लहानशा वस्तीचे नशीब रेल्वेने बदलले. 1865 मध्ये थळ घाटातून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी इगतपुरीला पोचली आणि भुसावळकडे जाणारा लोहमार्ग मुंबईला जोडला गेला. 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. 1900 च्या सुमारास निजामाच्या मुलखातून औरंगाबादमार्गे मीटरगेज येऊन मिळाली. उत्तरेकडून येणाऱ्या माणसाला आणि मालाला दक्षिणेचे दार इथे उघडू लागले. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजवर चालत नाही, म्हणून प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. हमालांच्या पाठींवर ही बाजारपेठ उभी राहिली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. पुढे पुलांचे गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना, अन्न महामंडळाची प्रचंड गोदामे, पानेवाडीचे इंधन डेपो आले. नांदेडला निघालेले शीख यात्रेकरू इथे उतरत, त्यांच्यासाठी गुप्तसर साहिब गुरुद्वाराचा लंगर आहे. हजारो टन धान्य आणि टाक्याच्या टाक्या इंधन साठवण्याची सोय मनमाडला झाली. राहणाऱ्या माणसांना पुरेल एवढे पाणी साठवण्याची झाली नाही. वाफेच्या इंजिनाला पाणी मात्र द्यावेच लागे, कारण त्याशिवाय गाडी पुढे हलत नसे.

या कामकरी गावाला आपली स्थिती कळत नव्हती असे नाही. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला याच मनमाडमध्ये जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही त्यांची सुप्रसिद्ध मांडणी या व्यासपीठावरची. ती आपण सारखी उद्धृत करतो. त्याच भाषणातला बारीक तपशील मात्र विसरतो. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणूनच का राहतो, त्याला पोर्टरचे कामसुद्धा का मिळत नाही, हे त्यांनी उलगडून सांगितले होते. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत आणि तिथे शिवाशीव आड येई. म्हणजे घरात पाणी कोण भरणार, इथपर्यंत रेल्वेच्या नोकरीतली जात पोचली होती. या परिषदेचे ठिकाण म्हणून मनमाडचे नाव इतिहासात आहे. त्या कामगारांच्या पुढच्या पिढ्या कशा राहतात, हा प्रश्नही त्याच इतिहासाचा भाग आहे.

आता पावसाच्या आक्षेपाकडे येतो. मनमाड पर्जन्यछायेत आहे, यात वाद नाही. पण जवळच्याच अनकाई किल्ल्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या माणसांना याच आकाशाखाली राहायचे होते, आणि त्यांनी पावसाळ्याचे पाणी अडवून धरले. शिवाय आजचे मनमाड मुख्यतः स्वतःच्या पावसावर जगतही नाही. त्याचे पाणी येते कादवा नदीवरून. दिंडोरी तालुक्यात कादवेवर करंजवण धरण, खाली पालखेड, तिथून डाव्या कालव्याने येवला तालुक्यातला पाटोद्याचा साठवण तलाव, आणि तिथून उपसून मनमाडचे वागदर्डी धरण. एवढा प्रवास केल्यावर ते नळाला येते. कालव्याला आवर्तन सुटले तर पाटोदा भरणार, पाटोदा भरला तर वागदर्डीत पाणी पडणार. वाटेतल्या उघड्या कालव्यात जिरते किती, उन्हाने उडते किती आणि मोटारी लावून उचलले जाते किती, याची झळ शेवटच्या गावाला बसते, आणि शेवटचे गाव मनमाड आहे.

किती पाणी लागते या गावाला? 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 80 हजारांच्या घरात होती. आज एक लाख धरू. शहरांसाठीचा माणशी रोज 135 लिटरचा सरकारी मापदंड पुरा लावला, तर वर्षाला साधारण 175 दशलक्ष घनफूट पाणी होते. गळतीसाठी वर आणखी तिसरा हिस्सा दिला तरी आकडा 235 च्या आसपास राहतो. एकट्या करंजवण धरणाची क्षमता 5371 दशलक्ष घनफूट आहे. म्हणजे शंभरातले पाच भागही लागत नाहीत.

यावर शेतकऱ्याची बाजू मांडली जाते आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. पालखेडच्या कालव्यावर निफाड-येवल्याची द्राक्षे, कांदा आणि गहू उभे आहेत. एक आवर्तन चुकले तर शेतकऱ्याचे वर्ष जाते. पण ही लढाई शेतकरी विरुद्ध मनमाडकर अशी लावणेच चूक आहे. 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्याचा अग्रक्रम पहिला होता. 2011 मध्ये शेती उद्योगाच्या वर आली तेव्हाही हा पहिला क्रम हलला नाही. वरचा हिशेब पाहता मनमाडला पुरेसे पाणी दिल्याने कुणाचा मळा सुकेल असे नाही. उलट, आज मनमाडचे पिण्याचे पाणी शेतीच्या आवर्तनालाच बांधलेले असल्याने दोघेही एकाच तारखेकडे डोळे लावून बसतात, आणि भांडण तिथे सुरू होते.

दुसरा आक्षेप नगरपालिकेवरचा. पाइप जुने, गळती मोठी, वसुली कमी. यातले काही खरेच असेल. परंतु पंधरा दिवसांनी पाणी येणाऱ्या घराला वर्षातून चोवीसच दिवस नळ दिसतो आणि पाणीपट्टी वर्षाची असते. तिथे वसुली कमी झाली तर दोष एकट्या नागरिकाचा म्हणता येत नाही. शिवाय या टंचाईची किंमत सगळ्यांना सारखी नाही. ज्याच्या बंगल्याखाली दहा हजार लिटरची टाकी आहे, त्याला पंधरवडा जाणवतही नाही. भाड्याच्या खोलीतल्या बाईला नळाच्या दिवशी रोजंदारी बुडवून घरी थांबावे लागते. आरोग्य खाते डेंग्यूसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा, असे सांगते. सल्ला अचूक आहे, कारण एडिस डासाचे अंडे आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते. पण जिथे पुढचे पाणी पंधराव्या दिवशी येणार, तिथे आठव्या दिवशी टिपाड ओतून कोण देईल? तिथे आजारपण हा पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाचाच परिणाम असतो.

करंजवण धरणातून थेट बंद जलवाहिनीने पाणी आणण्याची सुमारे 300 कोटींची योजना याच कारणाने महत्त्वाची आहे. ती कालव्याचा आणि आवर्तनाचा फेरा चुकवते. मात्र धरणात गावाच्या नावावर पुरेसा साठा राखलेला नसेल, तर नवी वाहिनीही आवर्तनासारखीच वाट पाहायला लावील. हा साठा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याचा धरणसाठा पाहून होणाऱ्या बैठकांत ठरतो. दिवाळी अंक वाचकांच्या हाती असतो, ते हेच दिवस. लोकप्रतिनिधींनी आणि जिल्हा प्रशासनाने मनमाडचा आकडा त्या यादीत सर्वांत आधी लिहावा, तो वर्तमानपत्रांतून जाहीर करावा. आणि नाशिककरांनी तो किती ठरला, हे विचारावे.