जाई आणि जुई : नावांची कुळकथा

जाई आणि जुई या परसातल्या दोन सुगंधी वेली, आणि मुलींची दोन आवडती नावेही. दोन्ही नावे अगदी घरगुती वाटतात; पण त्यांची मुळे संस्कृतात आहेत आणि आजचे रूप त्यांना प्राकृतातून आले आहे.

जुईचे संस्कृत नाव ‘यूथिका’. यूथ म्हणजे समूह. जुईची फुले घोसाने उमलतात, ते या नावात टिपले आहे. अमरकोशात तिला ‘गणिका’ असेही म्हटले आहे. त्यातल्या ‘गण’ शब्दाचा अर्थही समूहच. कालिदासाच्या मेघदूतात यक्ष मेघाला नदीकाठच्या बागांतील जुईच्या कळ्या शिंपायला सांगतो, तिथे ‘यूथिका’ हाच शब्द आहे.

प्राकृतात शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा झाली ती अशीच. दोन स्वरांमधल्या ‘थ’चा ‘ह’ होतो, जसा कथानिकेपासून आलेल्या कहाणीत दिसतो. ‘क’ गळून जातो. अशा रीतीने यूथिकेची ‘जूहिआ’ झाली. हिंदीने ‘ह’ राखून ‘जूही’ केले, मराठीने तोही सोडून ‘जुई’. बंगालीत ‘य’चा उच्चार ‘ज’ होत असल्याने मूळ शब्दच मुलीच्या नावात जवळजवळ पूर्ण टिकला. भजनगायिका जुथिका रॉय यांचे नाव त्यातलेच.

जाईचे संस्कृत नाव ‘जाती’. सूचीतला ‘च’ गळून सुई झाली, तसा जातीतला ‘त’ गळून जाई. हाच शब्द जायफळ आणि जायपत्री यांतही आहे. त्यांची संस्कृत रूपे जातीफल आणि जातीपत्री. जायफळाचे झाड मात्र वेगळ्या कुळातले. जाईशी त्याचे नाते फक्त नावापुरते.

अमरकोशात जाती, मालती आणि सुमना ही एकाच वेलीची नावे आहेत. म्हणजे मालती नावाची आजी आणि जाई नावाची नात यांची नावे कोशाच्या दृष्टीने एकच ठरतात.

वनस्पतिशास्त्रात दोन्ही वेली ‘जॅस्मिनम’ या प्रजातीत येतात. लिनिअसने 1753 साली आपल्या ग्रंथात वापरलेल्या या नावाचे मूळ फारसी ‘यास्मिन’मध्ये आहे आणि यास्मिन हेही मुलीचे नाव आहे. जुईच्या शास्त्रीय नावाचा उत्तरार्ध ‘ऑरिक्युलॅटम’. लॅटिनमध्ये ‘ऑरिक्युला’ म्हणजे छोटा कान. जुईच्या पानाच्या तळाशी दोन इवल्या पर्णिका कानांसारख्या दिसतात, त्यावरून हे नाव पडले.