इंद्रवज्र : ज्याचे कडे त्याच्यापाशी

सह्याद्रीच्या कड्यावर धुके दाटले असता क्वचित एक नवल दिसते. आपली सावली दरीतल्या धुक्यावर पडते आणि तिच्या मस्तकाभोवती रंगांचे संपूर्ण कडे उमटते. यालाच आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात.

आम्ही ते हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाहिले. बरोबर कोल्हापूरच्या फौंड्रीत राबणारे चार गडी होते. पावसाळा सरत आला होता. सकाळची वेळ, सूर्य पाठीशी, समोर कोकणातून वर आलेले धुके. एकजण ओरडला, "दादा, कडं माझ्याच डोस्क्याभोवती हाय की!" दुसरा म्हणाला, "खुळ्या, मधी मी हाय!" जागा बदलून पाहिल्या, तरी वाद मिटेना. गंमत अशी, की दोघेही खरेच बोलत होते.

असे का होते? धुक्याचे थेंब अतिशय बारीक, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात. त्यांत शिरलेल्या प्रकाशाचा काही भाग आल्या वाटेनेच सूर्याच्या दिशेने परततो. तो आपल्याला दिसायचा, तर आपला डोळा त्या वाटेवरच हवा. म्हणून कड्याचा मध्य नेहमी पाहणाऱ्याच्याच डोक्याच्या सावलीवर येतो. शेजाऱ्याचा डोळा वेगळा, म्हणून त्याचे कडेही वेगळे. थेंब जितके बारीक, तितके कडे मोठे. पावसाचे इंद्रधनुष्य निराळे. त्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश असते. इंद्रवज्र मात्र बहुधा हात लांब करून धरलेल्या मुठीएवढेच दिसते. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे तेथे हा योग सकाळी जुळतो.

याच गडावर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इंद्रवज्र पाहिले. त्याचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत १८३५ साली छापले गेले. त्यात एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. साहेबाच्या नोकरांना त्या आकृती आपल्याच सावल्या आहेत हे पटेना. तेव्हा त्यांनी हातपाय हलवून पाहिले. समोरच्या आकृतींनीही तसेच केले, आणि मनातली भीती हळूहळू ओसरली. त्या गड्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, पण प्रयोग त्यांनी केला.

पुढे १८९४ साली स्कॉटलंडच्या बेन नेविस शिखरावर सी. टी. आर. विल्सन यांनी अशीच कडी पाहिली. ती प्रयोगशाळेत निर्माण करावी म्हणून त्यांनी कृत्रिम ढग बनविण्यास आरंभ केला. त्यातून अदृश्य कणांचा माग दाखविणारे मेघपात्र तयार झाले, आणि १९२७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आम्ही आयुष्य संघटनेत घालविले. सभेत टाळ्या पडल्या, की आपल्याच डोक्याभोवती तेज असल्याचा भास आम्हांलाही पुष्कळदा झाला आहे. तो भास खोटा नसतो, पण अपुरा असतो. अशा वेळी शेजारच्या गड्याला विचारावे, "बाबा, तुला काय दिसते?"