जीप टायर का खाते?



तोडणी सुरू झाली की आपल्या फोर व्हील गाड्यांना उसंत राहत नाही. सकाळी जबलपूर रोडचे डांबर, मग पेंच कालव्याची पाळ, पुढे पांदण आणि शेवटी काळ्या मातीचे ओले वावर. अशा गाडीचा टायर वेडावाकडा झिजला की पुष्कळ सभासद सरळ दुकान गाठतात आणि नवी जोडी टाकून येतात. मूळ दोष गाडीतच राहतो, मग नवी जोडीही तशीच जाते. आजच्या भावात हे परवडणारे नाही. तेव्हा आधी टायर कुठे झिजला ते पाहावे.

दोन्ही कडा गेल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी आहे. चिखलातून निघण्यासाठी हवा सोडतात, ते ठीक. पण सडकेवर आल्यावर ती परत भरायची राहून जाते. मागे उसाचे बेणे ठासून भरले तरी हाच परिणाम. उलट मधला पट्टा गेला तर हवा जास्त. हवा नेहमी टायर थंड असताना, सकाळीच मोजावी.

टायरवर जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप किंवा चाकाचे बेअरिंग तपासावे. चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा. खुळखुळले तर बेअरिंग किंवा किंगपिन ढिली आहे.

एकच कड जात असेल तर तळहात टायरवर आडवा फिरवावा. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर नेताना धार लागली, तर पुढची चाके समोरच्या बाजूने गरजेपेक्षा जास्त आत वळलेली आहेत. हे घरच्या घरी मोजता येते. सपाट जागेवर, स्टिअरिंग सरळ ठेवून, दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, समोरून खडूची खूण करा आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा. मग गाडी पुढे ढकलून त्याच खुणा मागे तितक्याच उंचीवर येऊ द्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही मापांत फरक थोडाच, काही मिलिमीटर असावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. फरक मोठा असल्यास टायरॉड जुळवून घ्यावा. सलग अ‍ॅक्सलच्या जुन्या जीपमध्ये चाकाचा उभा कल मात्र असा जुळवता येत नाही. तो बिघडला तर किंगपिन झिजली किंवा अ‍ॅक्सल वाकला समजावे. २०१० साली आलेल्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिची तपासणी यंत्रावरच करून घ्यावी.

आता आपल्याकडचे सर्वात मोठे कारण. वावरातून बाहेर आल्यावर फोर व्हीलचा दांडा तसाच राहतो! जीप, बोलेरो वा थारची फोर व्हील ही कायमची वापरायची नाही. दांडा टाकला की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांब पल्ला पडतो. चिखलात चाक घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, तेव्हा टायर घासतो, स्टिअरिंग जड होते आणि दांडाही अडकतो. अडकल्यास जोर लावू नये, गाडी सरळ थोडी मागे घ्यावी, तो सुटतो.

दोनच नवे टायर टाकले तरी असेच होते. समजा पुढचा टायर मागच्यापेक्षा ६ मिलिमीटर जास्त जाड आहे. एका फेऱ्यात सुमारे ३८ मिलिमीटरचा फरक पडतो. जीपचे चाक किलोमीटरला साधारण ४५० फेरे घेते, म्हणजे जवळपास १७ मीटर! तेवढे अंतर कोणते तरी टायर फरफटत जाणार. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे असावेत आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करावेत.

ट्रॅक्टरवाल्यांनीही इकडे लक्ष द्यावे. फोर व्हील ट्रॅक्टरची पुढची चाके मागच्यांपेक्षा मुद्दाम थोडी वेगात, साधारण १ ते ५ टक्के, फिरतील अशी केलेली असतात. वावरात ती पुढे ओढतात. उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याच्या रस्त्यावर दांडा तसाच ठेवला तर मात्र पुढच्या टायरच्या गाठी कानस लावल्यासारख्या जातात. धुऱ्यावर चढून सडकेला लागताच आधी दांडा काढावा, मग वरचा गिअर टाकावा.