आधी विहीर, मग गड

मालवण म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो समुद्रातला सिंधुदुर्ग. याच तालुक्यात मसुऱ्याच्या डोंगरावर भरतगड उभा आहे, तिकडे फार थोडे जण वळतात.

हा डोंगर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी पाहिला होता, असं सांगतात. जागा मोक्याची. खाली गड नदी, कालावलची खाडी; गलबतांच्या येण्याजाण्यावर इथून नजर राहते. पण माथ्यावर पाणी नाही, म्हणून गड बांधण्याचा बेत रहित झाला. एवढा पाऊस पडूनही कोकणातला माथा कोरडा राहतो, याचं कारण जांभा. हा दगड सच्छिद्र. पाणी वर ठरत नाही, झिरपून पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतं. सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी मात्र चिकाटी धरली. माथ्यावर विहीर खोदून घेतली आणि तिला पाणी लागल्यावरच तट उभारले. १७०१ मध्ये गड पुरा झाला.

गड बांधण्याआधी पाणी पाहावं, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावून सांगितलं आहे. त्याच अमात्यांच्या बावडेकर घराण्याने सावंतांना शह देण्यासाठी खाडीपलीकडे भगवंतगड बांधला. दोन्ही बाजूंना मराठेच, आणि तोफा एकमेकांकडे रोखलेल्या! १७४८ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी भरतगड घेतला, जयराम सावंतांनी तो परत मिळवला. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन हचिन्सनने तो जिंकला आणि गडाचं राजकारण संपलं.

आज तटाच्या आत आंब्याची कलमं आहेत. बाग राखली जाते म्हणूनच गडाची वाट मोकळी राहिली, हे मान्य करायला हवं. बालेकिल्ल्याचे बुरुज, दारूकोठार, सिद्ध महापुरुषाचं देऊळ आणि ती विहीर, सगळं पाहता येतं. पलीकडच्या भगवंतगडावर सिद्धेश्वराचं देऊळ आणि तुळशी वृंदावन आहे, पण तटबंदी झाडोऱ्यात बुडाली आहे. जांभ्याच्या सांध्यांत वडापिंपळाचं मूळ एकदा शिरलं की चिरे निखळायला वेळ लागत नाही. ही रोपं हाताएवढी असतानाच काढायला हवीत.

आंगणेवाडीची जत्रा मसुऱ्यातच भरते. भराडीदेवीच्या दर्शनाला येणाऱ्यांनी थोडा वेळ काढून भरतगड चढावा. कलमांना हात लावू नये आणि विहिरीत काही टाकू नये.