कळीपासून पानगळीपर्यंत

स्त्रीदेहाची वर्णने साहित्यात पूर्वापार आहेत. परंतु त्या देहाच्या धनिणीला स्वतःला काय हवे आहे, हा प्रश्न मराठी कथेत ठळकपणे उभा राहिला तो 1933 मध्ये, ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या संग्रहामुळे. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या स्त्रीशिक्षण संस्थेत घडल्या होत्या आणि शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्नाचे वय उलटत चाललेल्या मुलींची घुसमट त्यांना जवळून ठाऊक होती. पुस्तकावर मोठा गदारोळ उठला. त्यातील एका कथेचे शीर्षकच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे विचारते. लेकीच्या पगारावर माहेर चालू लागले की तिची इच्छा घराच्या जमाखर्चाला अडचणीची ठरते, हे त्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

महर्षींचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून स्त्रीच्या कामसुखाच्या हक्काची बाजू युक्तिवादाने मांडत होते. कथेचे सामर्थ्य निराळे असते. तिच्यात निवेदनाचा दृष्टिकोन, म्हणजे घटना कोणाच्या नजरेतून दिसतात ही गोष्ट, बदलली की वाचक त्या देहाकडे बाहेरून पाहणे सोडून त्याच्या आतून जग पाहू लागतो.

हे आतून पाहणे रघुनाथरावांच्या पुतणी गौरी देशपांडे (1942–2003) यांनी पुढे नेले. ‘एकेक पान गळावया’ (1980) मध्ये तीन दीर्घकथा, म्हणजे कथेहून विस्तृत आणि कादंबरीहून आटोपशीर अशा रचना, आहेत. शीर्षककथेतली प्रौढ स्त्री पतीच्या मृत्यूनंतर एकटी राहू पाहते, आणि पत्नीपण व आईपण बाजूला ठेवल्यावर उरणारी बाई कोण, हा प्रश्न तिच्यापाशी येऊन ठेपतो. येथे वय वाढणे हा केवळ ऱ्हास नाही. त्यात काय धरून ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे, याची निवडही आहे. पुढे मेघना पेठे यांनी ‘हंस अकेला’मधून महानगरातल्या स्त्रीपुरुषसंबंधांविषयी तितक्याच निर्भीडपणे लिहिले.

मात्र या कथांतली स्त्री बहुतांशी सुशिक्षित मध्यमवर्गातली आहे. मुंबईतल्या साकीनाक्याच्या गाळ्यांत आणि कार्यालयांत राबणाऱ्या, घर चालवता चालवता चाळिशी-पन्नाशी ओलांडणाऱ्या बाईच्या कष्टांची नोंद मराठी साहित्याने घेतली, तिच्या इच्छेची त्या मानाने फार कमी घेतली. 1933 चा प्रश्न तिच्याही घरात तितकाच खरा असल्यामुळे, तो तिच्या नजरेतून लिहिला जाणे हे मराठी कथेचे अपुरे राहिलेले काम आहे.