कातळावरचं कुरण

ओहोटीला रत्नागिरीतल्या मिऱ्याच्या कातळावर पाय घसरतो, तो नुसत्या पाण्यामुळे नव्हे. तिथे डायटम आणि इतर सूक्ष्म शैवालांचा बुळबुळीत थर असतो. शंकूच्या आकाराचे लिंपेट आणि काळे नेरिटा या समुद्री गोगलगायी त्यावरच जगतात. त्यांची जीभ म्हणजे किसणीच; बारीक दातांच्या रांगांनी त्या थर खरवडतात. लिंपेटच्या दातांत गोथाईट या लोहखनिजाचे तंतू असतात. हे दात कोळ्याच्या धाग्याहूनही जास्त ताण सोसतात, असं ब्रिटिश संशोधकांना २०१५ मध्ये आढळलं. दात झिजले की मागची नवी रांग पुढे सरकते.

अंटार्क्टिकातला नासेला हा लिंपेटही असाच चरतो. तिथे हिवाळ्यात उजेड आटला की शैवाल रोडावतं. रत्नागिरीत उजेड भरपूर, पण उन्हाळ्यात उघडा कातळ तापतो. मग गोगलगायी कपारीत दडतात आणि कातळ ओला झाला की चरायला निघतात.