नभोवाणी शेतकरी मंडळे

नभोवाणीवरील ग्रामीण कार्यक्रम एकत्र बसून ऐकणारे, त्यांवर चर्चा करणारे व तीतून ठरलेल्या गोष्टी अंमलात आणू पाहणारे गावकऱ्यांचे संघटित गट. सार्वजनिक प्रसारणाच्या या पद्धतीचा भारतातील पहिला मोठा व शास्त्रीय मूल्यमापन झालेला प्रयोग १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या द्वारे करण्यात आला.

मूळ कल्पना कॅनडातील. तेथे १९४१ मध्ये असा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्याचे सूत्र होते आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी मंडळांना छापील माहितीपत्रक मिळे. भारतात १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरता सु. १८ टक्केच असल्याने सूत्रातील ‘वाचा’ हा भाग वगळण्यात आला.

युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या पुणे प्रकल्पात तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील १५० गावे निवडण्यात आली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे एकूण २० कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक मंडळात सु. २० सभासद, एक अध्यक्ष व एक निमंत्रक असे. चर्चेचा वृत्तांत व सभासदांच्या शंका निमंत्रक केंद्राकडे पाठवी आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. त्यामुळे एरव्ही एकमार्गी असणारे प्रसारण दुमार्गी झाले.

प्रकल्पाचे मूल्यमापन टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या संस्थेने समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराट यांच्या मार्गदर्शनाखाली केले. मंडळे असलेली गावे, केवळ रेडिओसंच असलेली गावे व संच नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ लक्षणीय आढळली. नुसता संच असलेल्या गावांत मात्र ती अल्प होती. म्हणजे परिणाम यंत्राचा नव्हे, तर त्याभोवती उभारलेल्या चर्चेचा होता. जगदीशचंद्र माथुर व नॉयराट यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी ही योजना देशभर लागू झाली. तथापि संचांची देखभाल, निमंत्रकांचे प्रशिक्षण व शंकांना वेळेवर उत्तर या गोष्टींना मूळ प्रयोगाइतकी काळजी विस्तारात लाभली नाही. ट्रान्झिस्टर संच स्वस्त झाल्यावर सामूहिक श्रवणाचे कारणही उरले नाही आणि मंडळे क्षीण होत गेली.

१९७५-७६ मधील उपग्रह दूरदर्शन प्रयोगात सहा राज्यांतील सु. २,४०० गावांत सामूहिक संच बसविण्यात आले, तेव्हा सामूहिक ग्रहणाचा हा विचार पुन्हा पुढे आला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्रे चालविण्याची मुभा दिली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे त्याचे एक उदाहरण. अशा केंद्रांत श्रोता स्वतःच प्रसारक होऊ शकतो. नवे तंत्र गावात पोहोचविण्याइतकीच श्रोत्याचा आवाज केंद्रापर्यंत परत आणण्याचीही व्यवस्था हवी, हा पुणे प्रकल्पाचा निष्कर्ष त्यामुळे कालबाह्य ठरलेला नाही.